न्यूट्रिनो अडवणारं लॉकेट? आधी जाडी तपासा

मामांनी काल तो मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मागवू का?’ म्हणून लिहितोय. मेसेजचं म्हणणं असं: न्यूट्रिनो (अणूहूनही कितीतरी सूक्ष्म कण) कुणी पाहिलेलेच नाहीत, शास्त्रज्ञांची थाप आहे, ते घातक असल्याने यंत्रं खाणीत पुरतात, ते प्रकाशाहून वेगवान असल्याचं दडपलं गेलं, आणि हेच कण शरीर पोखरतात, तेव्हा तांब्याचं लॉकेट घाला.

नसलेल्या कणापासून संरक्षण विकायचं, याला छाती लागते!

लॉकेटचंच आधी घेऊ. सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या एका नखातून जातात, हे खरं. पण पोखरतील कसे? ते जवळजवळ कशालाच धडकत नाहीत. त्यातले निम्मे अडवायला साधारण एक प्रकाशवर्ष जाडीचं शिसं लागेल, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. मामा, गळ्याला पेलेल? शिवाय सूर्य मावळला तरी ते थांबत नाहीत, पृथ्वीच्या आरपार खालून येतात. रात्री लॉकेट तळपायाला बांधायचं का, ते विक्रेत्याने लिहिलेलं नाही.

‘कुणी पाहिलेले नाहीत.’ डोळ्यांनी नाहीत, मान्य. पण यंत्राने पकडलेत. ते पकडणारे भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक रायनेस आणि क्लाइड काउअन यांचा आधीचा बेत तर अणुबॉम्ब फोडून शेजारच्या खड्ड्यात न्यूट्रिनो टिपणारं यंत्र सोडायचा होता! सुदैवाने त्यांना अणुभट्टी सुचली. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर इथे त्यांनी कॅडमियम क्लोराइड मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या ठेवल्या. भट्टीतला न्यूट्रिनो (नेमका प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे त्याचा प्रतिकण) क्वचित एखाद्या प्रोटॉनला धडकतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) लगेच नष्ट होतो, एक चमक उठते. सोबतचा न्यूट्रॉन भटकत भटकत काही मायक्रोसेकंदांनी कॅडमियमच्या तावडीत सापडतो, दुसरी चमक. ही जोडी म्हणजे सही. भट्टी चालू आणि बंद, दोन्ही वेळा मोजलं. फरक निघाला तासाला सुमारे तीन जोड्यांचा. १९५६ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं. थाप मारायची तर माणूस तासाला तीनवर थांबेल का?

खाणीचं म्हणाल तर वरचा खडक अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांचा गोंगाट अडवतो. यंत्राला शांतता हवी असते, बस.

वेगाच्या गोष्टीत मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने सांगतो. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगात, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून इटलीला पाठवलेले न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगात, ते प्रकाशापेक्षा खरोखरच ६० नॅनोसेकंद लवकर पोचलेले दिसले. पुढे एक फायबर केबल नीट न बसवल्याचं उघड झालं, तेही त्याच गटाने शोधलं. आणि दडपायचंच होतं, तर सर्नमध्ये भर सभेत जाहीर कशाला केलं असतं?