‘एक जुना सभासद’ यांच्या अभिप्रायास क्लबचालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘एक जुना सभासद’ या नावाने आपण आमच्या गिरगावातील कॅरम व टेबल टेनिसच्या क्लबला एक तारा दिला आहे आणि त्याखाली पाच तक्रारी मांडल्या आहेत. एप्रिलपासून मासिक शुल्क ४५० रुपयांवरून ६०० रुपये केले. नूतनीकरणाच्या वेळी ‘सुधारणा निधी’ म्हणून २,००० रुपये मागितले आणि त्याची करसवलतीची पावती दिली नाही. ज्येष्ठांची निम्म्या शुल्काची सवलत काढून घेतली. सभासद असूनही टेबल टेनिसचे वेगळे पैसे पडतात. आणि पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, म्हणजे सगळा कारभारच संशयास्पद आहे. त्यानंतर आपण विचारले आहे, ‘हा क्लब आहे की मंडळाची वर्गणी?’ पाचही तक्रारींपेक्षा हा प्रश्न मला अधिक लागला, कारण तो रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गिरगावात वाढलेल्या माणसाला वर्गणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, त्याच परिसरात आपण सगळे लहानाचे मोठे झालो. मी स्वतः दहा-बारा वर्षे पावतीपुस्तक काखोटीला मारून चाळींचे जिने चढलो आहे. त्याच सवयीने मी मार्च महिन्यात सहा नवे कॅरमबोर्ड आणि टेबल टेनिसचे एक टेबल घेण्यासाठी निधी जाहीर केला, आणि चूक नेमकी तिथे झाली. मंडळ सर्वांचे असते. उत्सव संपला की जमाखर्च लोकांसमोर ठेवला जातो आणि शिल्लक पुढच्या वर्षासाठी मंडळाकडेच राहते. हा क्लब मात्र माझ्या एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आहे. उद्या मी तो बंद केला, तर आपल्या पैशांतून आलेले बोर्ड माझ्या घरी जातील. अशा ठिकाणी ‘निधी’ हा शब्द वापरण्याचा मला अधिकार नव्हता. अनेक मंडळे वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात, तीसुद्धा लोकांचा पैसा लोकांच्या कामी लागला की नाही हे विचारणारा कोणीतरी असावा म्हणूनच. मला विचारणारे तसे कोणी नव्हते. ते काम आपण केलेत.

करसवलतीच्या पावतीबद्दलही एवढेच म्हणता येईल. आयकर कायद्यातील ही सवलत फक्त आयकर विभागाने मान्यता दिलेल्या संस्थांना दिलेल्या देणगीवर मिळते, आणि तीही २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली असेल तर मिळत नाही. माझ्यासारख्या व्यावसायिकाला दिलेला पैसा हे माझे उत्पन्न असते; त्याची तशी पावती मी देऊच शकत नाही. आमच्या सेवकाने आपल्याला ‘पावती पुढच्या महिन्यात मिळेल’ असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. तसे सांगितले गेले असेल तर ते चुकीचे होते, आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही, कारण काय सांगायचे हे मीच त्याला कधी नीट समजावले नव्हते.

आता सूचनाफलकावर निधीपुढे लिहिलेल्या ‘ऐच्छिक’ या शब्दाविषयी. तो शब्द मी लिहिला होता हे खरे; परंतु नूतनीकरणाचे शुल्क आणि हा निधी एकाच टेबलावर, एकाच पावतीपुस्तकातून आणि एकाच माणसाने मागितला की ऐच्छिक या शब्दात काही अर्थ उरत नाही. त्यात भर म्हणून देणाऱ्यांची नावे मी दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिली होती. ज्यांची नावे तिथे नव्हती ते आत येताना त्या फळ्याकडे पाहणे टाळत होते, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. फळा उतरवला आहे. निधीत ४१ जणांकडून ८२,००० रुपये जमा झाले; त्यातील ५७,००० रुपये सहा बोर्डांवर खर्च झाले आणि २५,००० रुपये शिल्लक आहेत. नवे टेबल घेतलेले नाही. हा निधी मी रद्द करत असून ज्यांनी पैसे दिले त्या प्रत्येकाला संपूर्ण २,००० रुपये परत मिळतील, हवे असल्यास रोख किंवा खात्यावर, अन्यथा पुढील शुल्कातून वळते करून. बोर्डांचे ५७,००० रुपये मी घालीन, कारण बोर्ड माझे आहेत.

शुल्कवाढीच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही, आणि त्यासाठी आकडे उघड करणे भाग आहे. जागेचे भाडे दरमहा ३८,००० रुपये, सेवकाचा पगार १७,०००, बेस्टचे वीजबिल सरासरी ९,०००, पावडर, स्ट्रायकर, चेंडू आणि दुरुस्ती ४,०००, साफसफाई व पाणी ३,५००, आणि वर्तमानपत्रे व मासिके २,४०० असा एकूण ७३,९०० रुपये खर्च येतो. यादीत १४० सभासद असले तरी नियमित शुल्क भरणारे ११८ आहेत (उरलेले बावीस जण दिवाळीनंतर ‘येतोच’ म्हणून गेले आहेत), आणि त्यांपैकी ५२ जण साठीच्या पुढचे आहेत. जुन्या दराने ६६ जणांचे २९,७०० आणि ज्येष्ठांचे ११,७०० मिळून ४१,४०० रुपये जमत. म्हणजे दर महिन्याला ३२,५०० रुपयांचा खड्डा पडे. रविवारचा बुद्धिबळाचा वर्ग आणि ताशी पैसे देणारे पाहुणे यांतून काही भाग भरून निघे; बाकीचे पैसे दीड वर्ष मी घरातून घातले. माझ्या नव्या स्कूटरचा आपण उल्लेख केला आहे, म्हणून नाइलाजाने सांगतो की ती मुलीच्या पगारातून आली आहे.

निधीची कल्पना निघाली तीही याच खड्ड्यातून. शुल्क वाढवले तर लोक नाराज होतील, म्हणून शुल्क कमी ठेवायचे आणि उरलेले ‘मदत’ म्हणून मागायचे, ही सोयीची वाट मी धरली. ज्याला क्लब चालवायचा आहे त्याने भाडे, पगार आणि विजेचा खर्च शुल्कातूनच काढला पाहिजे. तो भार वर्गणीवर टाकला की दर वर्षी हात पसरावा लागतो आणि दर वर्षी देणारे कमी होतात. वाढ करणे योग्य होते. ती २४ मार्चला लावलेल्या सूचनेने १ एप्रिलपासून लागू करणे योग्य नव्हते. यापुढे दरात कोणताही बदल दोन महिने आधी लेखी कळवला जाईल.

ज्येष्ठांची सवलत काढलेली नाही. तिची वेळ बदलली आहे. पूर्वी ती दिवसभर होती, आता सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत आहे. तरुण कुटुंबे विरार, बदलापूरकडे गेली आणि वाडीत आई-वडील राहिले, त्यामुळे आमच्या सभासदांपैकी जवळजवळ निम्मे सवलतीचे झाले. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत प्रत्येक बोर्डाभोवती चार खेळणारे आणि सहा सल्लागार असतात. दुपारी दोन वाजता पंखे रिकाम्या खोलीला वारा घालत असतात. रिकाम्या वेळेतील जागा स्वस्त देणे मला परवडते, भरलेल्या वेळेतील नाही. ५२ पैकी ३४ जणांनी दुपारची वेळ स्वीकारली आहे, त्यामुळे आता ६०,६०० रुपये जमतात आणि उरलेले १३,३०० वर्ग आणि पाहुण्यांच्या पैशांतून निघतात. जे दुपारी नातवंडांना शाळेतून आणायला जातात त्यांची अडचण खरी आहे. त्यांनी मला प्रत्यक्ष भेटावे; सर्वांसाठी नियम करता आला नाही तरी चार-पाच जणांची सोय करता येईल.

टेबल टेनिसच्या वेगळ्या पैशांचे कारण जागेत आहे. टेबल ९ फूट लांब आणि ५ फूट रुंद असते, पण खेळणाऱ्याला मागे सरकायला दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. आमच्या खोलीत तेवढ्या जागेत चार कॅरमबोर्ड, म्हणजे सोळा माणसे बसू शकतात, आणि टेबलावर एका वेळी दोन किंवा फार तर चार जण खेळतात. तो फरक सर्वांच्या शुल्कात मिसळला असता तर कॅरम खेळणाऱ्यांनी टेबल टेनिसवाल्यांचे भाडे भरले असते. आपण मरीन ड्राइव्हवरील जिमखान्यांचे उदाहरण दिले आहे. ते सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनींवर उभे आहेत, आम्ही बाजारभावाने भाडे देणाऱ्या दोन खोल्यांत आहोत. ही तुलना न करणेच बरे.

जीएसटीविषयी थोडक्यात. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर नोंदणी बंधनकारक नसते, आणि माझी उलाढाल त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. नोंदणी नसलेल्याला हा कर वसूल करण्याचा अधिकारही नसतो. पावतीवर क्रमांक नाही म्हणूनच आपल्याकडून १८ टक्के जादा घेतलेले नाहीत.

दर ठरवण्यासाठी सभासदांची सर्वसाधारण सभा घ्या, असेही आपण सुचवले आहे. तशी सभा संस्थेत असते. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यानुसार संस्था स्थापन करायला किमान सात माणसे लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. मग हिशेब तपासनीस, कार्यकारिणी, खजिनदार असे सगळे आले. मी हा प्रस्ताव गेल्या वर्षी दोनदा मांडला. दोन्ही वेळा कल्पनेची तोंड भरून स्तुती झाली आणि सह्या तीन मिळाल्या, त्यांत एक माझी. आपण चौथे होणार असाल तर कागद अजून माझ्या खणात आहेत. तशी संस्था झाली तर शुल्क सभा ठरवील, आणि देणगी मागणेही तिला शोभेल.

तोपर्यंत नव्या टेबलासाठी पैसे उभे करण्याचा मार्ग साधा आहे. डिसेंबरमध्ये कॅरम स्पर्धा घेऊ आणि तिच्या पत्रकात परिसरातील दुकानदारांच्या जाहिराती घेऊ. प्रवेश शुल्कातून फारसे काही उरत नाही, बक्षिसे आणि पंचांचे मानधन यांतच ते जाते. पैसा येतो तो जाहिरातींतून, आणि दुकानदाराला आपण पैसे कशासाठी दिले हे छापलेले दिसते. एका सभासदाने सोडतीची तिकिटे विकण्याचे सुचवले होते. खासगी लॉटरी कायद्यात बसत नसल्याने मी त्याला नकार दिला.

परताव्यासाठी पावती घेऊन या महिन्यात कोणत्याही दिवशी सायंकाळी पाचनंतर यावे. पावती हरवली असेल तरी चालेल, स्थळप्रत माझ्याकडे आहे. वर दिलेल्या खर्चाची वहीही तिथेच टेबलावर ठेवली आहे, ती कोणीही चाळावी. आपल्या अभिप्रायाच्या शेवटच्या ओळीत तीन नंबरचा बोर्ड डावीकडे कलतो असे लिहिले आहे, त्याची तपासणी मी काल पाणसळ लावून केली. बोर्ड सरळ आहे, त्याखालची फरशी खचली आहे. सध्या स्टँडच्या पायाखाली लाकडी पाचर घातली आहे आणि गवंडी सोमवारी येणार आहे.

आपला,
क्लबचालक