दीड इंच माया

काल दुपारी पुण्यातल्या एका शोरूममध्ये, चकचकीत फरशीवर, आठ-दहा अनोळखी माणसांच्या देखत एका गृहस्थांनी माझ्या बैठकीचे माप घेतले. माप बरोबर निघाले, आणि राग त्याचाच आहे.

माझी उंची सहा फूट पाच इंच, म्हणजे सुमारे १९६ सेंटीमीटर. इलेक्ट्रिक गाडी पर्यावरणासाठी घेत आहे असे मी नातेवाइकांना सांगतो. परंतु खरे कारण माझा डावा गुडघा आहे. सध्याच्या पेट्रोल गाडीत क्लचवरून पाय उचलला की हा गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर आपटतो, आणि पुण्याच्या रहदारीत क्लच किती वेळा दाबावा लागतो हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो. एवढ्या एका नसण्यासाठी मी गेले तीन महिने शोरूम पालथी घालत आहे.

कालच्या शोरूममधल्या मुलाने सुरुवात चांगली केली. पाच टक्के जीएसटी, हिरवी नंबरप्लेट, राज्याच्या २०२५ च्या धोरणातली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवरची टोलमाफी, हे सारे त्याने तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणावी तसे एका दमात म्हटले आणि दार उघडले. मी आधी डावा पाय आत नेला, मग कंबर, मग मान तिरकी करून डोके, आणि शेवटी बाहेर उरलेला उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. टाळू छताला टेकली होती आणि हनुवटी छातीला. "कम्फर्टेबल आहे ना, सर?" असे त्याने विचारले. मी नकारार्थी मान हलवू पाहिली, पण ती हलेना. त्याने ती संमती समजली.

मग ठरलेला विनोद झाला. सनरूफ उघडून डोके बाहेर काढा, हे मला आजवर तीन शोरूममध्ये तीन माणसांनी सुचवले आहे, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ही कल्पना जगात प्रथम आपल्यालाच सुचल्याचा आनंद होता. त्या सनरूफची काच आणि तिची सरकती यंत्रणा छताच्या आत बसवलेली असते आणि तीच माझ्या डोक्यावरची जागा खाते, हे त्यांच्या गावीही नसते. बिनसनरूफची गाडी मागितली, तर ती फक्त लहान बॅटरीत मिळते. म्हणजे मला लांबचा पल्ला हवा असेल, तर मान आखूड करून घेतली पाहिजे.

मी उतरण्याची उलट कवायत सुरू करणार, एवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "अहो, उतरू नका. तसेच बसा."

सत्तरीचे एक काका होते. त्यांचा मुलगा आत कर्जाच्या कागदांवर सह्या करत होता आणि काका तासभर शोरूमचा थंड चहा पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांनी लेंग्याच्या खिशातून शिंप्याची पिवळी टेप काढली. चाळीस वर्षे शिवणकाम केले, दुकान बंद करूनही आता सहा वर्षे झाली, पण टेप खिशात नसली की चुकल्यासारखे वाटते, असे त्यांनी मला नव्हे, तर जमलेल्या मंडळींना सांगितले. मग त्यांनी गाडीच्या सीटपासून छतापर्यंत टेप धरली, मला बाहेर काढून एका सरळ पाठीच्या खुर्चीवर बसवले आणि बुडापासून टाळूपर्यंत टेप धरली. आकडे ते मोठ्याने पुकारत होते, आणि तो विक्रेता मुलगा, बहुधा इतके ठाम कुणी बोलताना त्याने प्रथमच ऐकल्यामुळे, माझ्या कोटेशनच्या पाठकोऱ्या बाजूवर ते उतरवून घेत होता.

"माणूस चाळीस. गाडी साडेसदतीस. गादी दबेल त्याचा एक इंच धरा. तरी दीड इंच तोकडी."

"उंचीच जास्त आहे हो, काका," मी उगाच दिलगिरी व्यक्त केली.

"उंचीचं नाव नका घेऊ. दोन गिऱ्हाइकं सारख्या उंचीची येतात, एकाची पँट लांब लागते आणि एकाचा शर्ट. तुमचा घोळ पायात नाही, धडात आहे. छत ही शर्टाची बाब आहे, पँटीची नाही."

हे मला गेल्या तीन महिन्यांत एकाही विक्रेत्याने सांगितले नव्हते. माझ्याच उंचीचा एक सहकारी ज्या गाडीत ऐसपैस बसतो तिच्यात माझी मान का मोडते, हे कोडे त्या क्षणी सुटले. काका मात्र थांबले नाहीत. वाकून त्यांनी गाडीच्या तळावर पंजा टेकवला.

"ही जमीन एवढी वर का आली?"

"खाली बॅटरी आहे, काका," मुलगा म्हणाला.

"म्हणजे अस्तर जाड लावलं. मग घेर नको का वाढवायला?"

बॅटरीमुळे तळ वर येतो, छत होते तिथेच राहते, सीट वर घेण्याची सोय उरत नाही, आणि लांब पायाचा माणूस पाटावर बसल्यासारखा गुडघे वर करून बसतो. मांड्यांखालचा आधार जातो आणि सगळा भार बुडावर येतो. हे सारे काकांनी एका अस्तरात आटोपले. पाठ मागे कलती करून पाहिली, तेव्हा डोके सुटले, पण हात स्टिअरिंगपर्यंत पुरेनात, कारण ते चाक वर-खाली होत होते, पुढे-मागे होत नव्हते. "बाही आखूड," काका म्हणाले, आणि टेप गुंडाळत त्यांनी निकाल दिला, "कापडात खोट नाही. पण माया ठेवलेली नाही."

शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जादा कापड, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून सैल करण्यासाठी, ती माया. एवढ्या लाखांच्या वस्तूत ती दीड इंचही नसावी, याचा मला तिथे हसता हसता खरोखर संताप आला. माहितीपुस्तिकेत बॅटरी किलोवॉट-तासांत दिलेली असते, डिकी लिटरमध्ये, आणि जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये, म्हणजे खड्ड्यांची पुरती काळजी घेतलेली असते. डोक्यावरची जागा मात्र मला हाती आलेल्या एकाही पुस्तिकेत दिसली नाही. अमेरिकेत हाच आकडा इंचांत छापतात. गाड्या आखताना बहुधा उंचीच्या क्रमातल्या पाचव्या टक्क्यातल्या स्त्रीपासून पंचाण्णवाव्या टक्क्यातल्या पुरुषापर्यंतची माणसे गृहीत धरतात, हे मला ठाऊक आहे. उरलेल्यांनी काय करावे, हे कुणी सांगत नाही. घरात निदान आम्हांला हुद्दा असतो. माळ्यावरचे डबे, पंख्यावरची धूळ आणि दिवाळीचा आकाशकंदील ही खाती जन्मभर माझ्याकडे आहेत आणि त्या वेळी माझ्या उंचीवर कुणी हसत नाही.

गंमत अशी, की याआधी मी जेमतेम तीन मीटर लांबीच्या कॉमेटमध्ये बसलो, तेव्हा डोके कुठेच लागले नाही, कारण ती चिमुकली गाडी १६४० मिलिमीटर उंच आहे. पण त्यात चौघे बसले की गावी नेण्याच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. उलट ज्या मोठ्या गाडीत मी सर्वार्थाने मावलो तिची किंमत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." ही म्हण मी लहानपणापासून शब्दशः पाळत आलो आहे, माझे पाय आजही पलंगाबाहेर असतात.

काकांचे आभार मानून मी निघालो, तेव्हा त्यांनी मला दारापर्यंत नजरेने मापले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "पँट कुणाकडे शिवता? घोट्याच्या वर आहे." रेडीमेड आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी काहीच न बोलता विक्रेत्या मुलाकडे पाहून मान हलवली. गाडीपेक्षा हे जास्त लागले.

आज सकाळी शोरूममधून एका मुलीचा फोन आला. गाडी न घेण्याचे कारण तिला नोंदवायचे होते.

"दीड इंच कमी पडते," मी म्हटले.

"दीड लाख का, सर?"

"इंच."

पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला. किंमत, रंग, रेंज आणि इतर एवढेच पर्याय होते, आणि 'इतर' निवडले तर कारण लिहावे लागते, असे तिने अवघडून सांगितले. मी म्हटले, "लिहा, माया नाही." तिने ते दोनदा विचारून घेतले आणि मग अतिशय हळुवारपणे चौकशी केली, "सर, आमच्या स्टाफपैकी कुणी काही बोललं का?"