गव्हावर तांबेरा आला म्हणजे बियाणं बोगस? हा मेसेज थांबवा

गव्हाच्या तांबेऱ्याबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तांबेरा एकच, 'नवी रेस' (म्हणजे तांबेऱ्याच्या बुरशीचा नवा उपप्रकार) ही शास्त्रज्ञांनी उठवलेली आवई, प्रतिकारक वाणावर तांबेरा आला तर बियाणं बोगस, आणि नवी रेस असलीच तर ती प्रयोगशाळेतून सुटलेली. तो वाचून माझे मामा खोडावरचे फोड तपासायला द्यायचे सोडून बियाणं विकणाऱ्याशी भांडत बसले. म्हणून हे लिहावं लागतंय.

गव्हावर तांबेरे मुळात तीन, काळा, तपकिरी आणि पिवळा, आणि तिन्हींच्या बुरशी वेगळ्या. हां, काळ्या तांबेऱ्याच्या सगळ्या रेस एकाच प्रजातीतल्या आहेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, एवढं खरं. पण रेस दिसण्यावरून ठरतच नाही. वेगवेगळी प्रतिकारक जनुकं असलेल्या गव्हाच्या 20 प्रकारच्या रोपांवर बुरशी सोडतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी कोणती रोपं बळी पडली यावरून तिला नाव देतात.

सगळ्यात घातक मुद्दा बोगस बियाण्याचा. इथिओपियात दिगालू नावाचा वाण युजी99 या काळ्या तांबेऱ्याच्या गाजलेल्या रेसपुढे टिकत होता, म्हणून तो भरपूर पेरला गेला. 2013 साली त्याच्यावर काळा तांबेरा असा आला की काही शेतांत जवळपास काहीच हाती लागलं नाही. बियाणं अस्सल होतं! 'फायटोपॅथॉलॉजी' या नियतकालिकातल्या 2015 च्या अभ्यासाने दाखवलं की ही युजी99 नव्हतीच. ही टीकेटीटीएफ, वेगळ्याच वंशाची रेस, आणि दिगालूचा प्रतिकार ज्या जनुकावर उभा होता त्याला ती दाद देत नव्हती. असं जनुक बुरशीचं एखादं ठरावीक प्रथिन ओळखतं. ते प्रथिन बदललं किंवा नाहीसं झालं की झाडाला हल्ला कळतच नाही. मग शेजारीपाजारी सगळीकडे तोच वाण असेल, तर वाऱ्याबरोबर जाणाऱ्या बीजाणूंना अडवणार कोण?

बोगस बियाणं विकलं जातं, नाकारत नाही. पण नुसता तांबेरा हा त्याचा पुरावा नव्हे.

राहिली प्रयोगशाळा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात युजी99 च्या पेशीतल्या दोन केंद्रकांपैकी (केंद्रक म्हणजे पेशीचा जनुकं असलेला गाभा) एक, आफ्रिकेतल्या जुन्या रेस 21 च्या केंद्रकाशी जुळलं. दोन बुरशींमध्ये केंद्रकांची अदलाबदल झाली आणि नवी रेस तयार झाली. हे निसर्गातच घडतं.

फोड आलेली खोडं कागदी पाकिटात घालून तपासणीला पाठवा. प्लास्टिकमध्ये नको, ओल धरून नमुना कुजतो. पाकिटावर वाणाचं नाव लिहायला विसरू नका.