पट्टा आमचा आहे

आज किंक्रांत. सासूबाई सकाळपासून बजावत होत्या की करीदिन आहे, आज नवीन काही काढू नका, मतदानाला पण नाखुशीनेच आल्या बिचाऱ्या. आणि दुपारी अडीचला खालून वॉचमन काकांचा फोन, मॅडम तुमचं पिल्लू घेऊन कोणीतरी आलंय. मी म्हणलं काका माझं पिल्लू कुठलं, दोन्ही मोठे तर इथे सोफ्यावर घोरतायत. खाली गेले तर फोडणी, मी दत्तक दिलेलं कुत्र्याचं पिल्लू.

ज्यांनी माझ्या आधीच्या पोस्ट पाहिल्यात त्यांना फोडणी माहितीये. चार तारखेच्या रविवारी वाजतगाजत नव्या घरी गेली होती, तुम्ही दीडशे लोकांनी बदाम टाकले होते. अकरा दिवस. अकराव्या दिवशी तिला नेणारं कुटुंबच परत दारात, गाडी चालूच ठेवून, बाई आत बसलेल्या, काच अर्धी खाली, साहेब उतरले, बोटाला ताजी शाई, आज सुट्टी होती ना म्हणून आजच जमलं म्हणे. हातात पिशवी, त्यात उरलेलं ड्रायफूड, वाटी, लसीचं कार्ड. मी फोडणीला उचलायला वाकले तर म्हणाले एक मिनिट हं, आणि तिच्या मानेशी हात घालून बक्कल काढलं. "पट्टा आमचा आहे."

लाल होता. घुंगरू होतं त्याला.

मला त्या क्षणी काही बोलताच आलं नाही, मी नुसतं हो हो म्हणलं, आणि तीन तास झाले तरी ते हो हो माझ्या घशात अडकलंय म्हणून इथे लिहितेय. तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर आपल्याकडे जिकडे तिकडे पिल्लं का दिसतात हे वेगळं सांगायला नको. भाद्रपदात कुत्री माजावर येतात, साधारण त्रेसष्ट दिवस धरा, की दिवाळीच्या आगेमागे व्यायलीच. नोव्हेंबर संपताना धायरीत एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात पाच सापडली. आई दोन दिवस वाट बघून पण आली नाही. पाचातली दोन काळी पार्वोत (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाबाचा व्हायरस) मेली. चार दिवस सलाईन, रक्ताची संडास, आणि तो वास, तो एकदा नाकात बसला की पुढच्या घरात शिरल्याबरोबर कळतं काय झालंय ते. नुसत्या फिनाईलने तो व्हायरस जात नाही, सगळी बाल्कनी ब्लीचने घासली, माझ्या हाताची सालं निघाली. उरले दोन नर, ते आठवड्याच्या आत दत्तक गेले. उरली ही. मादी.

"फीमेल आहे का? अरेरे, मग नको." हे मी गेल्या दीड महिन्यात इतक्यांदा ऐकलंय की आता पोस्टमध्येच पहिलं लिहिते. का नको विचारलं तर पिल्लं होतील. अहो सहाव्या महिन्याच्या आसपास ऑपरेशन होतं, मी स्वतः नेऊन करून देते म्हणतेय, खर्च माझा, तुम्ही फक्त दहा दिवस टाका चाटू देऊ नका. तरी नको. स्त्रीशक्तीच्या पोस्टी टाकणारी माणसं आहेत ही!

असो. तर हे साहेब. यांना मादी चालत होती, गावठी चालत होती, सगळंच चालत होतं. "आम्ही डॉग लव्हर आहोत ताई, हिला घरच्यासारखं ठेवू." आणि इथे माझी चूक मी सांगतेच, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच की होम चेक, म्हणजे घर स्वतः जाऊन बघणं, केलं होतंस का. नाही केलं. व्हिडिओ कॉल केला, मागे भिंतीवर दत्ताचा मोठा फोटो, गाय, पायाशी चार कुत्री, मी त्या फोटोवरच पाघळले. वाटलं ज्या घरात रोज चार कुत्र्यांना उदबत्ती ओवाळतात तिथे पाचवीला काय कमी. शिवाय माझी पण घाई होती, खोटं कशाला बोलू. घरात आधीची दोन, सासूबाईंची कुरकूर, नवऱ्याने चपला कपाटात ठेवायला सुरुवात केलेली. मला पण ती लवकर जायला हवी होती.

परत का आणली? तर ती घरात शू करते. अहो बारा आठवड्यांचं पिल्लू आहे, तीन-चार तासांच्या वर ते धरूच शकत नाही, तुम्ही नऊ ते सहा बाथरूममध्ये कोंडून ठेवल्यावर ती काय करणार. चावते. दात येतायत, चावणारच, तुमची मुलगी लहानपणी खेळणी तोंडात घालत नव्हती का. मग सोसायटीत प्रॉब्लेम आहे म्हणे. मी म्हणलं कुणी लेखी दिलंय का, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ पासून स्पष्ट म्हणणं आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी, मी तुम्हाला पीडीएफ पाठवते. तर म्हणे नको नको, तसं नाही, आणि शेवटी खरं बाहेर आलं, "आम्हाला वाटलं ती अशीच छोटी राहील." आणि दुसरा कान उभा राहील का विचारत होते. डावा उभा राहिलाय, उजवा अजून पडलेला आहे.

आणि कार्ड! पहिलं इंजेक्शन मी दिलं होतं, दुसऱ्याची तारीख आठ लिहून दिली होती, तीनदा मेसेज, भावंडं कशाने गेली ते पण सांगितलं होतं. आठचा रकाना कोरा. पट्टा घ्यायला दुकानात जायला वेळ होता, घुंगरू निवडायला वेळ होता.

थांबा, पाणी पिऊन आले.

मला नाही म्हणणाऱ्यांचा राग येत नाही हो. खरंच नाही. याच पिल्लांसाठी एक मुलगा आला होता, एमपीएससीचा अभ्यास करतो, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. तासभर मांडीवर घेऊन बसला हिला, डोळ्यांत पाणी त्याच्या, आणि म्हणाला ताई मी नाही नेऊ शकत, मालक बाहेर काढेल, परीक्षा कधी होईल माझी मलाच माहीत नाही. गेला. मला तो पोरगा या डॉग लव्हर कुटुंबापेक्षा शंभर पटीने जवळचा वाटतो. आणि पाचातला एक नर वेल्ह्याकडे एका दूधवाल्या दादांकडे गेला, मी नाक मुरडत दिला होता, म्हणलं हे गोठ्यात बांधून ठेवतील, शिळी भाकरी घालतील. आता दर रविवारी फोटो येतो. शेणात लोळलेला, गुबगुबीत. आम्हा रेस्क्यूवाल्यांचे ते चार पानी फॉर्म, वन बीएचके आहे का टू बीएचके, जरा अतीच असतं, मान्य.

राग येतो तो पटकन हो म्हणणाऱ्यांचा. हो म्हणायला काय लागतं. मुलीने हट्ट केला, नाताळची सुट्टी होती, रील बघितली. हो. आणि त्या हो मध्ये एक जीव अकरा दिवस राहून येतो. तिचं नाव त्यांनी कोको ठेवलं होतं. आता मी फोडणी म्हणून हाक मारली की बघत नाही, कोको म्हणलं तर पलंगाखाली जाते. सव्वाशे ग्रॅमने वजन कमी भरलंय, पिल्लाचं या वयात रोज वाढतं.

बरं, माझ्या मावसभावाची कमेंट मला आत्ताच दिसतेय, माणसांची पोरं उपाशी आहेत आणि तू कुत्र्यांचं काय घेऊन बसलीस, भटकी कुत्री चावतात त्याचं काय. चावतात. लहान मुलांना चावतात, आणि रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही, मान्य. मग आम्ही एकेक उचलून घरात घालायला बघतोय ते कशासाठी दादा? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या निकालात आधी सगळी उचला म्हणलं, मग दहा-अकरा दिवसांत बदल केला, त्यात हे पण होतं की प्राणिप्रेमींनी दत्तक घ्यावीत, पण घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये. हे एवढं वाक्य लॅमिनेट करून मी प्रत्येक अडॉप्टरला देणारे.

अर्थात यांनी रस्त्यावर नाही सोडली. आणून दिली. हे लिहायला मला अर्धा तास लागला पण लिहिते. लोक टोलनाक्याच्या पुढे नेऊन सोडतात, खडकवासल्याच्या बाजूला सोडून येतात, दर पावसाळ्यात एखादा पट्ट्यासकट फिरणारा लॅब्रॅडॉर सापडतोच. यांनी फोन न करता का होईना, माझ्या दारात आणली. ठीक आहे. चारातला एक मार्क दिला.

पण पट्टा का काढला हो? दुसरं कुत्रं आणणार आहात का? जर आणणार असाल तर प्लीज मला सांगू नका.

(दत्ताच्या फोटोतल्या चौघांना पट्टा नसतो बहुतेक. आमच्या देवघरातला आत्ता जाऊन पाहिला. नाहीये.)

आता कामाचं. फोडणी, मादी, तीन महिने होत आलेत, भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाची, शेपटीचं टोक पांढरं. जंताचं औषध झालंय. चुकलेलं इंजेक्शन उद्या सकाळी, डॉक्टरांशी बोललेय, रेबीजचं त्यानंतर. मोठी होणार, साधारण पंधरा-सोळा किलो, आईला मी पाहिलेलं नाही त्यामुळे जास्त पण होईल. घरात दिवसभर कोणीतरी असेल तरच. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्येच, कारण यावेळी होम चेक मी स्वतः येऊन करणार आणि भिंतीवरचे फोटो बघणार नाही. इनबॉक्स करा, "इंटरेस्टेड" एवढंच लिहून गायब होऊ नका. आणि नाही, आम्ही ठेवणार नाही आहोत, कृपया कोणी "तूच ठेव ना" लिहू नका, घरात आता जागा नाही आणि नवऱ्याची सहनशक्ती पण नाही.

खालच्या फोटोत तिच्या गळ्यात जे हिरवं दिसतंय ती सासूबाईंच्या जुन्या परकराची नाडी आहे. संध्याकाळी मी स्वयंपाकात होते तेव्हा त्यांनीच बांधली, म्हणे मोकळी मान बरी नाही दिसत पोरीची. जो नेईल त्याने नाडीसकट न्यावी, परत नको.