परदेशात असं नसतं म्हणे

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर पुण्याच्या दादानं एक लांबलचक मजकूर टाकला. दादा म्हणजे थोरला चुलतभाऊ, कोथरूडकर, निवृत्तीला टेकलेला. विषय होता, मराठी माणसानं तोंडातून हद्दपार करायची वाक्यं. ‘बघू’, ‘चालतंय की’, ‘होऊन जाईल’, ‘जेवलास का?’, ‘कुठं निघालात?’ आणि घरातून बाहेर पडताना ‘जातो’च्या जागी ‘येतो’. पहिली तीन आळशीपणाची, पुढची दोन भोचकपणाची, शेवटचं अंधश्रद्धेचं. पुरावा मात्र सगळ्यांना एकच : परदेशात असं नसतं.

मी परदेशात राहते. दादानं परदेश पाहिला तो टूरच्या बसमधून, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात खाऊन. पण तो मोठा आहे, त्यामुळे ग्रुपवर मी फक्त अंगठा टाकला आणि दिवसभर धुमसत राहिले.

आधी ‘जेवलास का?’ घेऊ, कारण ते मला सगळ्यात झोंबलं. दादाच्या मुलीनं त्याला सांगितलंय म्हणे, की हा खाजगी प्रश्न आहे, असं कुणाला विचारू नये. इकडे जर्मनीत, स्टुटगार्टला, आमच्या ऑफिसात साडेअकरा वाजले की कॉरिडॉरमधला जो तो ‘मालझाइट’, म्हणजे ‘जेवणवेळ’, म्हणत सुटतो. जेवून आलेला जेवायला निघालेल्याला, स्वच्छतागृहातून बाहेर पडणारा आत शिरणाऱ्याला. त्यात चौकशी नसते, आमंत्रण तर नसतंच. भेटलास, दुपार झाली, चालू दे, एवढाच त्याचा ऐवज. आमच्या कोल्हापूरकडं घराच्या पुढच्या सोप्यात ताट घेऊन बसलेला माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या जेवायला’ म्हणतो आणि जाणारा ‘होऊ द्या सावकाश’ म्हणून चालत राहतो. जाणारा येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण न बोलावलेलं मात्र लक्षात राहतं. मालझाइटवाल्यांना कुणी भोचक म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

‘कुठं निघालात?’बद्दल तर दादाची माहितीच अपुरी. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका ‘कुठं’ असं विचारतच नसत. ‘कुठं’ म्हटलं की काम होत नाही, म्हणून त्या ‘लांब का?’ असं विचारायच्या. उत्तर ठरलेलं, ‘हे इथंच.’ या ‘इथंच’मध्ये कोपऱ्यावरचं किराणा दुकान येतं आणि मुंबईचं हायकोर्टसुद्धा. विचारणाऱ्याला काही कळत नाही, सांगणारा काही सांगत नाही, दोघंही खूश. माझ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले की ‘ना?’ म्हणतात. एवढंच, एक अक्षर आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी ‘मुस या’ म्हणते, म्हणजे रेटायला तर हवंच. मग केरवोखंची, म्हणजे आठवड्याच्या झाडलोटीच्या पाळीची, पाटी माझ्या दाराला अडकवून ते खाली उतरतात. आमची ओळख जुनी आणि पक्की आहे, आणि ती या तीन शब्दांवर चालते.

आता ‘बघू’. दादाच्या मते ‘बघू’नं महाराष्ट्राचं वाटोळं केलं, आणि जर्मन माणूस कसा हो तर हो, नाही तर नाही. १९७४ साली कर्णधार म्हणून आणि १९९० साली प्रशिक्षक म्हणून ज्यानं जर्मनांना फुटबॉलचा वर्ल्डकप मिळवून दिला, त्या फ्रांत्स बेकेनबाउअरचं सगळ्यात गाजलेलं वाक्य कोणतं? ‘शाउन मर माल.’ बघू या. पत्रकारांनी काहीही विचारलं की बघू या. २०२४ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा बातम्यांतून ते पुन्हा पुन्हा कानावर आलं, आणि कुणी त्याला आळशी म्हटलं नाही.

आणि कोलोन शहरातले लोक! त्यांनी तर असल्या वाक्यांची ‘कोलोनची राज्यघटना’च करून ठेवलीय, थट्टेतली पण पाठ असलेली. त्यातलं एक कलम, जे व्हायचं ते होतं. दुसरं, आजवर निभावलंय की. हे दुसरं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला उभी असल्यासारखं वाटलं. ‘चालतंय की’ म्हणणारा आणि हे म्हणणारा एकाच तालमीतले.

दादाला ही राज्यघटना पाठवली तर तो म्हणेल, त्यांचं बोलायला ठीक आहे, कामं वेळेवर होतात ना. होतात का? आमच्या शहरातल्या नव्या रेल्वे स्टेशनचं काम २०१० साली सुरू झालं. मुळात ते २०१९ ला उघडायचं होतं. २०२५ सरलं तरी उघडलेलं नव्हतं. खर्चाचा आकडा किती वेळा बदलला ते विचारू नये. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे उशिराचं हे नातंही सख्ख्या बहिणींचंच म्हणायचं. दादाच्या टूरची बस या खड्ड्याजवळून गेली असणार. गाइडनं तेव्हा बहुतेक मर्सिडीजचं म्युझियम दाखवलं.

अंधश्रद्धेचं म्हणाल तर इथं कुणाला वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊन बघावं. शिकलेसवरलेले इंजिनिअर, पण चेहरा पडतो. आधी शुभेच्छा दिल्या की बाधतं. परीक्षेला निघालेल्या पोराला काय सांगतात, तर ‘मान आणि पाय मोड’. वाईट बोललं की वाईट टळतं हा हिशोब. आपण उलट्या बाजूनं तिथंच पोचतो. नारळ फोडला तरी वाढवला म्हणायचं, बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, दुकानदार रात्री शटर ओढतो आणि म्हणतो दुकान वाढवतोय. मला आपली तऱ्हा जास्त आवडते. ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस परत येईलच याची हमी त्या शब्दात नाही हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं, पण उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईला ‘जातो’ ऐकवायचं कशाला? यात विज्ञान आणायची गरज मला कधीच समजली नाही.

दादाचा दुसरा राग बोलीचा, तो या यादीत नव्हता पण नेहमीचा आहे. भाचा ‘पुस्तक भेटलं’ म्हणाला की दादा जेवण थांबवून ‘मिळालं’ करून घेतो. आम्ही राहतो त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यानं १९९९ साली सरकारी पैशानं जाहिरात केली, ‘आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून.’ मोटारी बनवणारं श्रीमंत राज्य, आणि आपल्या बोलीबद्दलची टर स्वतःच छातीवर लावून फिरलं. कोल्हापूरनं असली पाटी लावली असती तर पुण्यानं काय म्हटलं असतं? (शाळकरी पोरांच्या तोंडची स्वाबिश, म्हणजे इथली बोली, कमी होत चाललीय, हे मी दादाला सांगणार नाही. वादात सगळं सांगायचं नसतं.)

स्वाबिश लोकांत मी रमले त्याचं कारणही एक म्हणच आहे : शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं समज. माझ्या पहिल्या बॉसनं ती मला गंभीरपणे ऐकवली, आणि मला तिथल्या तिथं वडील आठवले. बारावीचा निकाल हातात घेऊन ते म्हणाले होते, ‘बरं हाय.’ आईनं नंतर सांगितलं की ते संध्याकाळी चौकात पेढे वाटत होते. काटकसर, झाडलोटीची शिस्त, कौतुकाची चोरी, हे सगळं ओळखीचंच वाटलं.

एवढं सगळं मी अखेर ग्रुपवर लिहिलं, नारळापर्यंत. दादाचं उत्तर लगेच आलं. ‘तुम्हाला काय, तिकडं बसून बोलायला. तुमच्याकडं सगळं छान आहे.’

बेकेनबाउअर तसाच बाजूला राहिला. दादाची सगळी टीका आजवर ‘आपल्याकडं’नं सुरू व्हायची. आपल्याकडं लोक वेळ पाळत नाहीत, आपल्याकडं कुणी सरळ बोलत नाही. त्याचा मला कितीही राग येऊ दे, पण त्या ‘आपल्या’त मी धरलेली असायची. रागाच्या भरात त्यानं मला बाहेर काढलं, आणि खरं सांगायचं तर त्याची तयारी मीच करून ठेवलीय. फोनवर आईला मी ‘आमच्याकडं रविवारी दुकानं बंद असतात’ म्हणते आणि ती शांतपणे ‘असतील बाई तुमच्याकडं’ म्हणून पुढचं बोलते. ऑफिसात ‘आमच्याकडं’ म्हटलं की मला कोल्हापूर म्हणायचं असतं, तिथं समोरचा तो भारत समजून वाघांबद्दल विचारतो.

आणि ज्या बोलण्याची मी वकिली करतेय ते तरी माझ्याजवळ कुठलं आहे? निघताना जे घेऊन आले तेच. भाच्याला मी उत्साहानं ‘नाद खुळा’ लिहिलं तर त्यानं हसण्याची चित्रं पाठवली. तो ‘विषय हार्ड’ म्हणतो. हे कौतुक की तक्रार, हे मला त्यालाच विचारावं लागलं. कौतुक असतं. ‘लांब का?’ विचारणाऱ्या बायका आता फारशा उरल्या नाहीत, सोपे पाडून फ्लॅट झाले, दार लावून जेवणारा माणूस ‘या जेवायला’ कुणाला म्हणणार? दादा तिथं राहतो. त्याला तिथल्या ‘बघू’नं महापालिकेच्या दारात ताटकळावं लागतं, मला नाही. मला ‘बघू’ फक्त आईच्या तोंडून येतो, तोही मी ‘पुढच्या वर्षी इकडं येशील का’ असं विचारल्यावर, आणि त्याचा अर्थ ‘नाही’ असतो.

तरीही यादीतलं एकही वाक्य मी सोडणार नाही. दिवाळीला कोल्हापूरला जाणार आहे, दादाही येणार आहे. फराळाच्या ताटावर समोरासमोर भांडू. त्यानं मला आळशी म्हणावं, भोचक म्हणावं, अंधश्रद्धाळूही म्हणावं. फक्त सुरुवात ‘आपल्याकडं’नं करावी.