बाळाकडे बघून सगळं विसरायचं?

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘आपल्या आज्यांची आठ-आठ बाळंतपणं झाली, कोणाला डिप्रेशन आलं? ही आजकालच्या मुलींची थेरं. बाळाकडे बघ, सगळं विसरशील. ज्यांची ओटी रिकामी आहे त्यांचं दुःख बघ. आणि गोळ्या घेतल्यास तर जन्माची सवय.’ खाली अंगठ्यांची रांग. माझी धाकटी बहीण सव्वा महिन्याचं बाळ मांडीवर घेऊन शेजारीच बसली होती. तिने वाचलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “ताई, माझंच काहीतरी चुकतंय ना?”

आज्यांना काही झालं नाही, हे त्यांना विचारलं कोणी? बाळंतीण गप्प झाली, बाळाला जवळ घेईना, की ‘बाहेरचं लागलं’ म्हणायचं आणि अंगारा लावायचा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या वाचा. घरात ऐकणारं कोणी नव्हतं, म्हणून बायांनी जात्याला सांगितलं.

थेरं म्हणणाऱ्यांनी गोव्याचा अभ्यास बघावा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला, २००२ साली छापून आलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. मोठी कारणं होती गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं. मारहाण आणि उपासमार कितपत बाधते, हे मुलगा झाला की मुलगी यावरही ठरत होतं. यात थेरं कुठली?

सगळ्यात राग आला तो रिकाम्या ओटीचा. मूल नसलेल्या बाईचं दुःख खरंच आहे. पण तिच्या दुःखाने माझ्या बहिणीचं तोंड का बंद करायचं? उद्या त्या बाईलाही सांगाल, ‘निदान नवरा तरी चांगला आहे.’ रात्री तीनला बहीण बाळाला पाजते तेव्हा तिचे अश्रू बाळाच्या टोपड्यावर पडतात. ती ते पुसते आणि ‘एवढं गोड बाळ असून मी रडतेय’ म्हणून पुन्हा रडते. हा फॉरवर्ड वाचल्यापासून ती न्हाणीघरात जाऊन रडते, एवढाच फरक पडला.

गोळ्यांचं म्हणाल, तर दूध पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. ते डॉक्टर ठरवतील, ग्रुपवरचे काका नव्हेत.

एक मान्य करते. पूर्वी सव्वा महिना विश्रांती, माहेर, बाळाला घ्यायला चार हात असायचे (नशीबवान असली तर), आणि त्याचा आधार व्हायचाच. पहिल्या काही दिवसांचं रडू बहुतेकींचं आपोआप ओसरतं, हेही खरं. पण दोन आठवडे उलटूनही ओसरलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

काल रात्री मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि तिला विचारलं, “कधीपासून असं वाटतंय गं?” ती अर्धा तास बोलत होती. डिंकाचा लाडू ताटलीत तसाच राहिला. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सोबत जातेय.