दसऱ्याचं सोनं

आमची गाडी पळताना कधी कुरकुरत नाही. तिचं दुखणं थांबल्यावरचं. नळ स्टॉपच्या सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आरपीएमचा काटा ८०० वर क्षणभर रेंगाळायचा, मग ६००, मग ४००, आणि समईतलं तेल संपावं तशी फडफड करून गाडी गप्प. एसी चालू असला तर तेवढी फडफडही नाही.

मग मी हँडब्रेक ओढून सिग्नल सुटेपर्यंत रेस देत बसायला लागलो. शेजारचे रिक्षावाले हे आव्हान समजायचे. मागून सासूबाई विचारायच्या, “कुठे घाईत जायचंय का?”

सोसायटीतले काका म्हणाले, “कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू अर्धा आटा फिरवा.” या गाडीला कार्बोरेटरच नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग बरोबर. तोच प्रॉब्लेम.” एका गॅरेजने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडीतला कार्बन काढला, बिल दिलं. गाडी त्यांच्या फाटकातच बंद पडली.

शेवटी मेव्हण्याच्या ओळखीचा मिस्त्री गाठला. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर खुपसला. बिघाडाचा कोड आला, पी०५०५: आयडलिंगमध्ये, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहण्यात, गडबड. मी लगेच विचारलं, “म्हणजे आयडलचा व्हॉल्व्ह गेला? नवीन टाकू या?”

“साहेब, स्कॅनर गल्ली सांगतो. घर आपण शोधायचं.”

मग मला समजावलं. पाय काढला की हवेची मोठी झडप मिटते. वाड्याचा मोठा दरवाजा बंद झाला तरी दिंडी दरवाज्यातून ये-जा चालते ना, तसा हा छोटा व्हॉल्व्ह बाजूने हवा आत सोडतो. किती सोडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. एसी लावला की जास्त. “आता हुकूम सुटतोय, पण दिंडीवाल्याला ऐकू जातोय का, ते बघायचं.”

व्हॉल्व्हच्या चार वायरी. मल्टिमीटर लावून तो एकेक तपासू लागला. पहिली वाजली. दुसरी वाजली. तिसरी मुकी. त्याने वायर बोटांत धरून हलवली तर वाजली, सोडली तर मुकी. मग कनेक्टर उपटून टॉर्चखाली धरला. एक पिन हिरवीगार. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, त्या भांड्याच्या बुडाचा रंग.

“पाणी गेलंय. इंजिन धुतलं होतं का?”

“छे!” मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. दसऱ्याला बॉनेट उघडून मीच पाऊण तास नळी सोडली होती, आणि “बघ, कशी चकाचक!” म्हणून तिला बाल्कनीत बोलावलंही होतं.

मिस्त्री काहीच बोलला नाही. पिन घासली, स्प्रे मारला, क्लिप घट्ट केली, कोड पुसला. काटा ८०० वर येऊन ठाण मांडून बसला. एसी लावला, तरी हलला नाही.

बॉनेट मिटता मिटता त्याने बॅटरीमागे हात घातला आणि एक वाळकं आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं.

“सोनं घ्या, साहेब. साडेचारशे झाले.”